बुटातील यंत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी

पळण्याचे बूट आणि खिशात मावणारे गाण्याचे यंत्र यांचे लग्न लागले ते २३ मे २००६ रोजी, न्यूयॉर्क शहरात. त्या दिवशी नायकी या पादत्राणे बनविणाऱ्या कंपनीचे मार्क पार्कर आणि ॲपल या संगणक कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज एका व्यासपीठावर आले आणि ‘नायकी प्लस आयपॉड’ नावाचा एक छोटासा संच त्यांनी जगापुढे ठेवला. संचाची किंमत २९ डॉलर. आहेराचा भार मात्र वऱ्हाडी मंडळींवरच होता. संच वापरायचा तर तळव्याखाली खास खाच ठेवलेले बूट हवेत, त्यांची किंमत सुमारे १०० डॉलर. आणि आयपॉड नॅनो हवा, त्याची किंमत त्या वेळी कमीत कमी १४९ डॉलर. एका वस्तूने दुसरी विकायची आणि दुसरीने पहिली, असे हे दुहेरी गणित होते.

जवळजवळ वीस वर्षांपूर्वीच्या या परदेशी वस्तूचा विचार आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. उत्तर सोपे आहे. त्या संचाची मुले-नातवंडे आज आपल्या रुग्णांच्या मनगटावर बसलेली आहेत. माझ्या दवाखान्यात आता असे रुग्ण नित्य येतात, जे मनगट पुढे करतात ते नाडी दाखविण्यासाठी नव्हे, तर घड्याळातील आकडा दाखविण्यासाठी. “डॉक्टरसाहेब, काल अकरा हजार पावले झाली, आता एक गोळी कमी करू या का?” हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्यामागील समजुतीचा एकदा नीट परामर्श घ्यावा असे वाटू लागले. आकडा वाढला म्हणजे आरोग्य वाढले, आणि यंत्र घेतले म्हणजे व्यायाम सुरू झाला, ही ती समजूत होय.

माझे मत आरंभीच स्पष्टपणे मांडतो. यंत्र मोजते, क्वचित चालायलाही लावते. परंतु माणसाला वर्षानुवर्षे चालत ठेवण्याचे काम माणसांनाच करावे लागते. त्यात डॉक्टरचा वाटा मोठा आहे, आणि तो वाटा यंत्रावर सोपवून आपण मोकळे होत चाललो आहोत.

युक्ती काय होती?

टीका करण्यापूर्वी गुण सांगणे न्याय्य ठरेल. या संचातील एक इवलासा संवेदक डाव्या बुटात, आतल्या अस्तराखालच्या खाचेत बसत असे. पाऊल जमिनीवर पडले की त्यातील दाबाने वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकाला ते कळे. पाऊल जमिनीला जितका कमी वेळ टेकलेले, तितका वेग अधिक, या संबंधावरून अंतराचा अंदाज बांधला जाई आणि तो बिनतारी लहरींनी आयपॉडच्या तळाशी जोडलेल्या ग्राहकाकडे जाई. गाणे चालू असतानाच मधूनच एक आवाज कानात सांगे: इतके अंतर झाले, इतका वेळ लागला. अचूकता वाढवायची असेल तर चारशे मीटरसारखे एखादे माहीत असलेले अंतर धावून यंत्राला आपल्या पावलाची ओळख करून द्यावी लागे. दमछाक होऊ लागली की आधी निवडून ठेवलेले आवडते, जोशपूर्ण गाणे एका कळीसरशी सुरू करण्याचीही सोय होती. घरी परतल्यावर सारी नोंद संगणकावर चढवायची आणि जगभरच्या धावपटूंशी तुलना करायची. याच जाळ्याच्या बळावर ३१ ऑगस्ट २००८ रोजी जगातील २५ शहरांत एकाच दिवशी दहा किलोमीटरची शर्यत भरविण्यात आली होती.

मानवी स्वभावाची ही जाण कौतुकास्पद होती. आपण रुग्णाला सांगतो, “चाला, तीन महिन्यांनी एचबीए१सी करू.” म्हणजे आजच्या कष्टाचे फळ तीन महिन्यांनी, तेही प्रयोगशाळेच्या कागदावर. यंत्र मात्र त्याच क्षणी शाबासकी देते. याचा परिणाम होतोच. पावले मोजणाऱ्या साध्या यंत्रांवरील २६ अभ्यासांचा आढावा २००७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील यादृच्छिक चाचण्यांमध्ये यंत्र वापरणारे लोक इतरांपेक्षा दिवसाला सुमारे २,५०० पावले अधिक चालले, आणि एकूण अभ्यासांत वापरकर्त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ३.८ मिलिमीटरने उतरला. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ज्यांच्यासमोर ठरावीक उद्दिष्ट होते, त्यांच्यातच वाढ ठळक होती. आणि त्या अभ्यासांचा सरासरी काळ अवघा १८ आठवड्यांचा होता.

संगीताची जोडही निराधार नव्हती. बँड वाजत असताना सायकलपटू अधिक वेगाने जातात, हे लिओनार्ड एअर्स यांनी न्यूयॉर्कच्या सहा दिवसांच्या शर्यतीत टिपले आणि १९११ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास कारागिओर्गिस यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिले, की हलक्या व मध्यम श्रमात संगीतामुळे श्रमाची जाणीव कमी होते. श्रम अतितीव्र झाले की मात्र शरीराचा आक्रोश संगीतापेक्षा मोठा ठरतो. आपल्या बडोद्याला हे नवे नाही. मौलाबक्षांच्या गायनशाळेचे आणि प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे हे गाव; द. चिं. मुजुमदारांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ इथूनच निघाला. लय आणि व्यायाम यांचे नाते हलगीच्या ठेक्यावर लेझीम खेळलेल्या पिढीला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच, की लेझमीचा ठेका साऱ्या रांगेचा असतो, आणि कानात बसविलेल्या बोंड्यांतून येणारा ठेका एकट्याचा.

वैद्यकीय दृष्टीतून

हा फरक मला एक चिकित्सक म्हणून महत्त्वाचा वाटतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव मोजण्यासाठी ६ ते २० अंकांची श्रेणी तयार केली, ती आपण हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात वापरतो. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णाची नाडी श्रमाच्या प्रमाणात वाढत नाही. तिथे ‘मला किती दम लागतो आहे’ ही त्याची स्वतःची जाणीव हाच मोठा आधार असतो. संगीत नेमकी तीच जाणीव बोथट करते. तरुण, निरोगी धावपटूला हे वरदान. पण मधुमेहाने स्वायत्त मज्जातंतू दुखावलेल्या, छातीतील कळ ज्याला आधीच नीट उमगत नाही अशा साठीच्या गृहस्थाला तोच धोका. त्याला संगीत वर्ज्य करावे असे मी म्हणत नाही. परंतु पहिले काही आठवडे मोकळ्या कानांनी चालावे, असे आवर्जून सांगतो.

याहून सोपी एक कसोटी आपणा सर्वांना ठाऊक आहे: चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, म्हणजे श्रम मध्यम. या कसोटीला ना विजेरी लागते ना संगणक. लागतो तो शेजारी चालणारा एक सोबती.

दुसरा मुद्दा पायांचा. त्या संचाचा संवेदक अस्तराखाली, तळपायालगत बसत असे. ज्याच्या तळव्याची संवेदना शाबूत आहे त्याला काही टोचले तर लगेच कळते. ज्याची संवेदना गेली आहे त्याला बुटात राहिलेला खडाही कळत नाही. संध्याकाळी मोज्यावर रक्ताचा डाग दिसतो तेव्हा घरचे हादरतात. असाच एक रुग्ण मी पाहिला आहे. पावलांची नोंद त्याने महिनोन्महिने चोख ठेवली होती. पण अंगठ्याच्या मुळाशी वाढत चाललेली जखम त्या नोंदीत कुठेच नव्हती. मधुमेह्याला ‘चाला’ असे सांगण्यापूर्वी त्याचे मोजे काढून पाय पाहणे आणि दहा ग्रॅमच्या तंतूने संवेदना तपासणे, हे दोन मिनिटांचे काम कोणतेही घड्याळ करणार नाही.

तिसरा मुद्दा कानांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने घटतो. रस्त्यावरच्या गोंगाटात गाणे ऐकू यावे म्हणून आवाज चढविला जातो, आणि मागून येणारी मोटार ऐकू येत नाही ती वेगळीच. आपल्या रस्त्यांवर चालणाऱ्याला डोळ्यांइतकेच कानही उघडे ठेवावे लागतात, हे काय सांगायला हवे?

नवलाई ओसरल्यावर

आता मुख्य प्रश्न. अठरा आठवड्यांनंतर काय होते?

२०१६ मध्ये याचे उत्तर देणाऱ्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेतील पहिल्या चाचणीत वजन जास्त असलेले १८ ते ३५ वर्षे वयाचे ४७१ जण होते. सर्वांना आहार-व्यायामाचे मार्गदर्शन मिळाले. सहा महिन्यांनंतर निम्म्यांना अंगावर बांधायचे मोजयंत्रही दिले गेले. दोन वर्षांअखेर यंत्रवाल्यांचे वजन सरासरी ३.५ किलोने घटले, तर बिनयंत्रवाल्यांचे ५.९ किलोने. सिंगापुरातील दुसऱ्या चाचणीत ८०० नोकरदार सहभागी होते. काहींना मोजयंत्र, काहींना यंत्राबरोबर रोख बक्षीसही देण्यात आले. बक्षीस चालू होते तोवर पावले वाढली. ते थांबल्यावर वाढही विरली. वर्षाअखेरीस सुमारे दहांपैकी नऊ जणांनी यंत्र वापरणे सोडले होते, आणि वजन किंवा रक्तदाब यांत सुधारणा आढळली नाही.

ज्या आकड्यापायी ही सारी धावपळ चालते, तो दहा हजारांचा आकडा तरी कुठून आला? तोही बाजारातूनच. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानमधील यामासा कंपनीने पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला काढले. त्याचे नावच ‘मानपोकेई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’. आधी नाव आले, शास्त्र मागाहून शोधले गेले. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर ४१ टक्क्यांनी कमी आढळला, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर अधिक लाभ दिसला नाही. हा अभ्यास निरीक्षणात्मक होता, त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे आपण जाणतो. तथापि गुडघे धरून बसलेल्या आजींना ‘दहा हजार’ म्हणून घाबरविण्याचे काही कारण नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आणि त्या मूळ संचाचे काय झाले? त्यातील विजेरी आतच बंद केलेली होती, बदलता येत नव्हती. एक हजार तासांहून थोडा अधिक वापर, असे तिचे आयुष्य सांगितले जाई. आठवड्याला पाच तास धावणाऱ्याला ती जेमतेम चार वर्षे पुरणार. ती संपली की नवा संवेदक घ्या. २०१२ मध्ये याच बूट कंपनीने मनगटावरचा ‘फ्युएलबँड’ आणला. ३० एप्रिल २०१८ रोजी त्याला व अशा इतर जुन्या यंत्रांना मिळणारी सेवा थांबली. मे २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादनही बंद करण्यात येत असल्याचे जाहीर झाले. कंपन्यांनी माल बदलावा, हा त्यांचा धर्मच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याने आपली सवय यंत्राच्या खुंटीला टांगली, त्याची सवय खुंटी निघाल्यावर कुठे राहणार?

जाता जाता आणखी एक गोष्ट. हा संच बाजारात आला त्याच वर्षी, २००६ मध्ये, वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की बुटातील संवेदक आपला एकमेव ओळखक्रमांक हवेत सतत प्रक्षेपित करतो आणि सुमारे ६० फुटांवरून तो कुणालाही टिपता येतो. म्हणजे माणूस कुठे, केव्हा जातो याचा माग त्याच्या नकळत काढता येत होता. आजच्या घड्याळांत तर नाडी, झोप, श्वास सारेच साठते. रुग्णाची माहिती गुप्त राखण्याची शपथ आपण घेतली आहे. घड्याळाने ती घेतलेली नाही. रुग्णाला हे सांगणे आपले कर्तव्य आहे.

चिठ्ठीची ताकद

यावर काही सहकारी म्हणतील, “आकडा दिसला नाही तर रुग्ण जागचा हलत नाही, मग यंत्राला नावे का ठेवता?” हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. सुरुवातीला आकड्याचा उपयोग होतो, हे वर आलेच आहे. ज्याच्यापाशी यंत्र आहे त्याने ते अवश्य वापरावे. प्रश्न आहे तो पुढच्या वर्षाचा, आणि ज्यांच्यापाशी यंत्र नाही त्यांचा.

न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून ‘ग्रीन प्रिस्क्रिप्शन’ ही पद्धत रूढ झाली. डॉक्टर औषधाप्रमाणेच व्यायामाचीही चिठ्ठी लिहून देतो: काय करायचे, किती वेळ, आठवड्यातून किती वेळा. नंतर व्यायामाचा जाणकार रुग्णाला दूरध्वनी करून चौकशी करीत राहतो. ४२ दवाखान्यांतील, ४० ते ७९ वर्षे वयाच्या ८७८ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. वर्षानंतर, आठवड्याला अडीच तास व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण चिठ्ठी मिळालेल्या गटात इतरांपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी अधिक वाढले होते. रक्तदाबात लक्षणीय फरक पडला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. तरीही दहा जणांना चिठ्ठी लिहिली तर एक जण वर्षभर चालत राहतो, हे फळ एका कागदाच्या आणि काही दूरध्वनींच्या मोबदल्यात थोडके नव्हे.

आपल्या देशातील चित्र पाहता ही निकड अधिकच जाणवते. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार, २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते; पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के.

हा शेवटचा आकडा मला सर्वांत अधिक बोचतो. घड्याळ बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या किंवा मुलाच्या मनगटावर असते. गृहिणी म्हणते, “माझे चालणे घरातल्या घरात होतेच की!” तिची पावले कुणी मोजत नाही, तिला पहाटे कुणी ‘चल’ म्हणत नाही, आणि एकटीने बागेत जायला ती संकोचते. तिच्यासाठी दोन कंपन्यांनी मिळून काही बनविलेले नाही. तिला हवी आहे घरातल्यांची अर्ध्या तासाची सवड, शेजारच्या दोघी-तिघींची सोबत, आणि ‘डॉक्टरांनी लिहून दिले आहे’ असे घरात ठणकावून सांगता येईल असा एक कागद. तो कागद आपण देऊ शकतो.

म्हणून माझ्या डॉक्टर बंधुभगिनींपुढे काही सूचना ठेवतो. केसपेपरवर औषधांच्या खाली व्यायामाची ओळ असावी. ‘फिरायला जा’ एवढे पुरेसे नाही. ‘आठवड्यातून पाच दिवस, तीस मिनिटे, भरभर चालणे’ असे लिहावे. जागतिक आरोग्य संघटनेची आठवड्याला किमान दीडशे मिनिटांची शिफारस त्याने पूर्ण होते. ‘भरभर’ म्हणजे किती, हे रुग्णाला शिकवावे: मिनिटाला साधारण शंभर पावले म्हणजे मध्यम श्रम. कोणत्याही घड्याळाकडे पाहत पंधरा सेकंदांत पंचवीस पावले मोजता आली की झाले. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी पाय, छातीची लक्षणे आणि चालू औषधे पाहावीत. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्याला साखर उतरण्याची लक्षणे समजावून खिशात साखरेची पुडी ठेवायला सांगावे. आणि महिन्याभराने दवाखान्यातून एक दूरध्वनी जावा. “चालणे सुरू आहे ना?” हा प्रश्न ओळखीच्या आवाजात आला की त्याचे वजन यंत्राच्या शाबासकीहून जास्त असते.

आपल्या मंडळालाही एक विनंती. वार्षिक संमेलन, व्याख्याने, स्मरणिका हे सारे आपण निष्ठेने करतो. त्याच्या जोडीला दर रविवारी सकाळी कमाटीबागेत मंडळातर्फे एक फेरी सुरू करावी. दोन डॉक्टरांनी आळीपाळीने हजर राहावे, आणि आपल्या समाजातील स्त्रियांना व ज्येष्ठांना आग्रहाने बोलवावे. रुग्णांनी आपापली चिठ्ठी घेऊन यावे. ज्यांच्यापाशी घड्याळे आहेत त्यांनी ती खुशाल बांधून यावे. गप्पा मारत चालता आले तर वेग ठीक आहे असे समजावे. आणि पुढच्या रविवारी कोण आले नाही, त्याची चौकशी करावी.